चेंबर उतरवताना

टोमॅटोचा हंगाम भरात आला की नारायणगावच्या उपबाजारात पिकअपशिवाय दुसरं काही नजरेत भरत नाही. जुन्नर, आंबेगाव आणि शेजारच्या पारनेर-संगमनेरकडचा माल इथं येतो. २० किलोचे क्रेट उतरतात, सौदा होतो, गाडी मोकळी होते आणि पुढच्या खेपेला निघते. ती जिथं उभी होती तिथं खाली पाहिलं तर जमिनीवर काळा, तकतकीत डाग दिसतो. एखादा रुपयाएवढा, एखादा पंजाएवढा. मंचरच्या बाजार आवारात, आळेफाट्याच्या चौकात, घोडेगावच्या स्टँडबाहेर, जिथं जिथं गाड्या रोज त्याच जागी थांबतात तिथं तिथं हे डाग आहेत. हा लेख त्या डागाविषयी आहे.

गॅरेजात विचारलं की उत्तर येतं, "चेंबरचं पॅकिंग गेलंय." इंजिनाच्या तळाशी बोल्टांनी आवळलेलं खोलगट भांडं म्हणजे ऑईल चेंबर. इंजिनातलं सगळं ऑईल तिथं साठतं, छोट्या मोटारीत ३ ते ४ लिटर, डिझेल पिकअपमध्ये त्याहून जास्त. पंप ते जाळीतून ओढून घेतो, फिल्टरमधून गाळून क्रँकच्या बेअरिंगांना आणि वर कॅमशाफ्टपर्यंत पोचवतो. तिथून ते ओघळत पुन्हा चेंबरमध्ये येतं. धातूवर धातू मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांनी फिरत असताना मध्ये जो ऑईलचा पातळ पापुद्रा असतो, त्याच्यावर इंजिनाचं सगळं आयुष्य अवलंबून असतं. चेंबर आणि वरचा ब्लॉक यांच्या मध्ये कॉर्कची, रबराची किंवा सिलिकॉनची जी पट्टी बसवलेली असते ते पॅकिंग. काही शे रुपयांची वस्तू. ती वाळली, चिरली किंवा चेपली की थेंब सुरू होतो.

थेंबाला कुणी मोजत नाही. पण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि मिनिटाला एक थेंब पडतो असं मानलं, तर २४ तासांत १४४० थेंब, म्हणजे सुमारे ७० मिलिलिटर ऑईल जातं. दोन आठवड्यांत एक लिटर. इंजिन चालू असताना तर ऑईल गरम होऊन पातळ होतं आणि गळती वाढते. महिनाभर ऑईलची पातळी दाखवणारी काडी न पाहणाऱ्या मालकाच्या गाडीत निम्मं चेंबर रिकामं झालेलं असू शकतं, आणि गाडी तोवर व्यवस्थित चाललेली असते. या दुखण्याचा खरा धोका हाच आहे की ते बरेच दिवस काहीच त्रास देत नाही.

त्रास होतो तो घाटात. चेंबर निम्मं रिकामं असताना गाडी चढाला लागली की उरलेलं ऑईल मागच्या बाजूला सरकतं, तीव्र वळणावर एका कुशीला जातं, आणि पंपाची जाळी क्षणभर उघडी पडते. पंप ऑईलऐवजी हवा ओढतो. डॅशबोर्डवरचा किटलीच्या आकाराचा लाल दिवा वळणावर लुकलुकतो आणि सरळ रस्त्याला विझतो. बहुतेक चालक म्हणतात, वायर ढिली असेल. वायर ढिली असतेही कधी कधी. पण गाडी थांबवून काडी पाहायला दोन मिनिटं लागतात, आणि कोरड्या बेअरिंगवर इंजिन चालवलं तर ते जाम व्हायलाही तेवढाच वेळ पुरतो. मग क्रँक, बेअरिंगा, कधी कनेक्टिंग रॉड, कधी सगळंच इंजिन उघडावं लागतं. काही शे रुपयांच्या पॅकिंगचा खर्च तिथं कित्येक हजारांवर जातो, आणि गाडी ऐन हंगामात पंधरा दिवस उभी राहते.

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके घाटांचेच आहेत. पुणे-नाशिक रस्त्यानं येताना खेडचा घाट, मग अवसरीचा. आता बाह्यवळणं झाली तरी चढ संपलेले नाहीत. आळेफाट्याहून ओतूरवरून कल्याणकडे जायचं तर माळशेज. मंचरहून घोडेगाव, शिनोली, डिंभे धरण, पोखरीचा घाट, तळेघर आणि पुढं भीमाशंकर, हा रस्ता श्रावणात रात्रंदिवस वाहत असतो. जुन्नरच्या पश्चिमेला घाटघर, अंजनावळे; आंबेगावच्या पश्चिमेला आहुपे. तिथं पावसाळ्यात रस्त्याची साइडपट्टी खचलेली असते, डांबर उखडून खडी वर आलेली असते, आणि दवाखाना गाठायचा तर एखादी जीप हाच आधार असतो. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेलं, तेव्हा गाव जागेवर नाही हे सर्वांत आधी लक्षात आलं ते त्या मार्गावर एसटी घेऊन गेलेल्या चालकाच्या. डोंगरातल्या वस्तीला बाहेरच्या जगाशी बांधून ठेवणारं जे काही आहे ते चाकांवर आहे. तिथली गाडी बंद पडणं आणि पुण्यात बंद पडणं यांत मोठं अंतर आहे.

पूर्वेकडच्या सपाटीवर दुसरी भीती. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि उसात बिबट्या राहायला आला. जुन्नर वनविभाग आणि माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र यांचं नाव सगळ्या महाराष्ट्राला त्यामुळेच ठाऊक झालं. पिंपळवंडी-काळवाडीच्या पट्ट्यात रात्री शेतरस्त्यावर इंजिन जाम होऊन गाडी थांबली, तर खाली उतरून मदतीला चालत निघणं ही साधी गोष्ट राहिलेली नाही. ऑईलच्या काडीचा आणि बिबट्याचा संबंध इथल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

आणि जो ऑईल सांडत जातो, तो एकट्याचं नुकसान करत नाही. घाटाच्या वळणावर महिनोन् महिने थेंब थेंब साठलेलं ऑईल पहिल्या वळवाच्या सरीनं वर येतं आणि मागून येणारी दुचाकी त्यावरून घसरते. त्या अपघाताच्या पंचनाम्यात चेंबरचं पॅकिंग कुठंच लिहिलं जात नाही.

पॅकिंग जातं कशानं? वयानं जातं, हे पहिलं कारण. इंजिन रोज तापतं, रोज निवतं. धातू फुगतो, आकसतो. मधली पट्टी कडक होत जाते. दुसरं कारण आपल्या रस्त्यांचं. गावोगावचे बिनमापाचे गतिरोधक आणि भरलेली गाडी. मागं माल ठासला की मधला भाग खाली बसतो आणि चेंबर गतिरोधकावर घासतं. पत्र्याचं असेल तर पोचा येतो, कड वाकते. ॲल्युमिनियमचं असेल तर सरळ तडा जातो. तिसरं कारण माणसाच्या हाताचं, आणि सर्वांत जास्त आढळणारं: गळती दिसली की बोल्ट आणखी आवळणं. पत्र्याच्या चेंबरची कड पातळ असते. बोल्ट जादा आवळला की भोकाभोवतीचा पत्रा वर ओढला जातो आणि दोन बोल्टांच्या मधली कड खाली लोंबते. पॅकिंग बोल्टाखाली चिरडतं आणि मध्ये सैल पडतं. आवळण्यानं गळती वाढते ती अशी.

चौथं कारण गॅरेजात कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर सांगायला हवं. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू सतत खाली चेंबरकडे निसटत असतो. तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदरची नळी असते. नळी काजळीनं आणि चिकट्यानं तुंबली, किंवा रिंगा घासून इंजिन बॅक मारायला लागलं, की आतला दाब वाढतो आणि ऑईल जिथं वाट सापडेल तिथून ढकललं जातं. अशा गाडीला तीनदा नवं पॅकिंग घातलं तरी तिन्ही वेळा गळणार. इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण काढलं आणि आतून धूर भक्‌भक्‌ करत बाहेर आला, तर दोष पॅकिंगचा नाही. आधी ब्रीदर साफ करा, मग चेंबरकडे वळा.

म्हणून कामाचा पहिला भाग पान्याचा नाही, डोळ्यांचा आहे. ऑईल वरून खाली वाहतं आणि चालत्या गाडीच्या वाऱ्यानं मागं फेकलं जातं. चेंबर हा सगळ्यात खालचा भाग. वर कुठंही गळालं तरी थेंब शेवटी चेंबरच्या कडेवरूनच टपकतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं असेल, ऑईल प्रेशरचा स्विच पाझरत असेल, फिल्टर नीट बसला नसेल, पुढचं क्रँकचं सील गेलं असेल, ड्रेन बोल्टाखालचा वायसर पुन्हा पुन्हा तोच वापरल्यानं चपटा झाला असेल. दिसणार मात्र एकच, की चेंबर ओलं आहे. यांतली काही कामं पंधरा मिनिटांची आहेत. सर्वांत फसवं मागचं सील. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑईल येत असेल तर चेंबर उतरवून उपयोग नाही, गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते सील दुर्लक्षित राहिलं तर ऑईल क्लच प्लेटवर जातं आणि भरलेली गाडी चढावर नुसता आवाज करते, पुढं सरकत नाही.

ओळखण्याची रीत जुनी आहे आणि खात्रीची आहे. इंजिन खालून-वरून धुऊन कोरडं करायचं. संशयाच्या जागांवर पांढरी पावडर फुंकायची, साधी अंगाला लावायची चालते. मग गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणायची आणि बॅटरी घेऊन खाली शिरायचं. पावडर जिथं सर्वांत वर भिजली असेल, गळती तिथं आहे. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला तर सकाळी थेंब नेमका कशाच्या खाली पडला तेही कळतं. एवढं करायला अर्धा दिवस जातो आणि बिलात त्याचे पैसे लावता येत नाहीत, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते होत नाही. थेट चेंबर उतरतं. माझ्या मते फुकट गेलेल्या चेंबर-कामांपैकी पुष्कळशी इथंच, पहिला बोल्ट काढण्याच्या आधीच फुकट गेलेली असतात.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट, टणक जागेवर हवी. खड्डा किंवा रॅम्प असेल तर उत्तम. नसेल तर जॅकनं उचलून दोन्ही बाजूंना घोड्या लावायच्या, मागच्या चाकांना दगड लावायचे. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नये, आणि शेतातल्या भुसभुशीत मातीत तर कधीच नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत सगळेच विसरतात. हात, खांदा, जीव गेल्याच्या हकिगती प्रत्येक गॅरेज-गल्लीत असतात.

ऑईल कोमट असताना काढायचं. कडकडीत गरम असेल तर हात भाजतो, थंडगार असेल तर गाळ तळाला चिकटून राहतो. मग खालचं गार्ड, आड येणारा सायलेन्सरचा पाइप, कुठं क्लच हाउसिंगची पट्टी. काही गाड्यांत चेंबरखालून आडवा मेंबर जातो. तिथं इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट ढिले करून इंजिन दोन बोटं वर उचलल्याशिवाय चेंबर बाहेर येत नाही. टाटानं २००५ मध्ये आणलेल्या एसचं, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीचं, ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन सीटखाली असतं. प्रत्येक गाडीची अशी एक अडचण असते आणि अनुभवी मेस्त्रीला ती पाना हातात घेण्याआधी माहीत असते.

बोल्ट काढताना गोटी पाना सरळ बसवायचा. गंजलेल्या बोल्टाची कड मारली गेली की पुढचे दोन तास त्या एका बोल्टात जातात. सगळे बोल्ट निघाले तरी चेंबर लगेच सुटत नाही. जुनं सिलिकॉन त्याला धरून ठेवतं. इथं हातोडा रबराचा किंवा लाकडी हवा. कडेच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह होतो. त्यानं ॲल्युमिनियमच्या तोंडावर जो ओरखडा पडतो, तीच पुढची गळती.

चेंबर खाली आलं की इंजिनाचा इतिहास समोर असतो. तळाशी काळा गाळ किती आहे, जाळी किती तुंबली आहे, गाळात चमकणारे कण आहेत का. पितळी चमक दिसली तर बेअरिंग घासायला लागली आहे, आणि हे हंगामाआधी कळलं तर मालकाचं भाग्य. पॅकिंग बदलायला आलेल्या गाडीची जाळी धुतल्याशिवाय चेंबर परत चढवणं हा माझ्या मते कामचुकारपणा आहे. एकदा सगळं उघडलं आहे, पुन्हा पाच वर्षं उघडणार नाही.

यानंतरचा सफाईचा भाग म्हणजे या कामाचा गाभा, आणि कुणालाही तो न आवडणारा. ब्लॉकच्या तोंडावर आणि चेंबरच्या कडेवर जुन्या पॅकिंगचे तुकडे, वाळलेलं सिलिकॉन, कुणीतरी पूर्वी लावलेलं शेलॅक असतं. ते लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडून काढायचं. हॅक्सॉ ब्लेडनं काम लवकर होतं, पण ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मग चेंबर उलटं करून सपाट लोखंडावर ठेवायचं आणि भोकाभोवती वर आलेला पत्रा हलक्या हातोडीनं ठोकून बसवायचा. कड सरळ झाली का ते जाड काचेवर ठेवून पाहता येतं. खालून उजेड दिसला तर अजून ठोकायचं. शेवटी दोन्ही तोंडं थिनरनं किंवा ब्रेक क्लीनरनं पुसायची, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत. वरून ब्लॉकमधून ऑईल झिरपत येत राहतं, तेव्हा थांबायचं, पुन्हा पुसायचं. तेलकट धातूवर जगातलं कुठलंही पॅकिंग आणि कुठलंही सिलिकॉन धरत नाही. डिझेलनं धुतलेला भाग स्वच्छ दिसतो, पण डिझेलचाच तेलकटपणा त्यावर राहतो. "नवं पॅकिंग टाकलं तरी गळतंय" या तक्रारीचं मूळ बहुधा इथं सापडतं.

पॅकिंगची स्वतःची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. जुन्या इंजिनांना कॉर्कचं पॅकिंग येई. कॉर्क म्हणजे एका जातीच्या ओक झाडाची साल. झाड न तोडता दर नऊ-दहा वर्षांनी ती सोलून काढतात, आणि जगातलं निम्म्याच्या आसपास कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतं. ते दाबलं की दबतं आणि बाजूला पसरत नाही, म्हणून वाकड्या पत्र्याच्या फटी भरून काढतं. उन्हात ठेवलं तर मात्र आकसतं आणि मोडतं. दुकानात पॅकिंग मिळालं नाही तर हातानं करण्याची कला अजून इथं जिवंत आहे: पॅकिंगचा कागद चेंबरच्या कडेवर ठेवायचा आणि गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं हलकेच ठोकत जायचं. धातूची धारच कागद कापत जाते. बोल्टाच्या भोकांवर बेअरिंगची गोळी ठेवून एक ठोका दिला की गोल भोक पडतं. असं पॅकिंग कापणारा माणूस पाहावा. त्याचं मनगट किती हलकं चालतं ते पाहावं.

आता बऱ्याच इंजिनांना वेगळं पॅकिंगच नसतं. मारुतीच्या पुष्कळ इंजिनांचं चेंबर कारखान्यातच सिलिकॉनवर बसवून येतं. ट्यूबमधून येणारं हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं. वस्तू फार चांगली, पण तिच्याइतका गैरवापर दुसऱ्या कुठल्या वस्तूचा होत नसेल. तीन मिलिमीटर जाडीची, कुठंही न तुटलेली एकच रेघ, मेंदीच्या कोनातून ओढावी तशी, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूनं फिरवून सुरुवातीला आणून मिळवायची, एवढंच काम आहे. जास्त लावलं म्हणजे जास्त पक्कं, हा समज घातक आहे. जादा सिलिकॉन दाबाखाली आतल्या बाजूला बाहेर येतं, वाळतं, काही हजार किलोमीटरनं त्याची शेपटं तुटून ऑईलमध्ये पडतात आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. गळती बंद झालेली असते, चेंबर भरलेलं असतं, काडीवर पातळी बरोबर असते, आणि इंजिन ऑईलवाचून मरतं. रबराच्या किंवा कॉर्कच्या पॅकिंगला तर दोन्ही बाजूंनी सिलिकॉन फासायची गरजच नसते. टायमिंग कव्हर आणि मागच्या सीलचं हाउसिंग जिथं ब्लॉकला भेटतं त्या कोपऱ्यांत एकेक ठिपका पुरे. बाहेरून, गळत्या कडेवर, तेलकट पत्र्यावर फासलेलं सिलिकॉन म्हणजे तर नुसता देखावा. ते आठवडाभर टिकतं आणि पुढच्या मेस्त्रीचं सफाईचं काम दुप्पट करून ठेवतं.

चेंबर वर धरून आधी चारी कोपऱ्यांचे, मग सगळे बोल्ट हातानंच लावायचे. आवळताना मधून सुरुवात करून समोरासमोर जात कडेला पोचायचं, तेही दोन-तीन फेऱ्यांत. सहा मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण १० न्यूटन मीटरचा जोर लागतो, म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात असतो. मनगट थांबवण्याचं हे काम शिकाऊ पोराला सर्वांत उशिरा जमतं. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे एकदा गेले की नवा आटा मारावा लागतो किंवा आत स्प्रिंगचा आटा बसवावा लागतो. नाहीतर त्या एका भोकातून पुढं कायम पाझरतं.

आणि मग थांबायचं. सिलिकॉनवर दहा-पंधरा मिनिटांत साय धरते, पण आतून पुरतं घट्ट व्हायला जातीनुसार काही तासांपासून पूर्ण दिवसापर्यंत वेळ लागतो. ट्यूबवर तो छापलेला असतो. त्याआधी ऑईल भरून गाडी चालू केली तर ओल्या सिलिकॉनला ऑईल आतून ढकलतं आणि केलेलं सगळं काम पाण्यात जातं. ऑईल भरताना नवा फिल्टर, ड्रेन बोल्टाला नवा वायसर. गाडी चालू केल्यावर किटलीचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद. फेरी मारून आल्यावर खाली पाहायचं, काडी पाहायची. कॉर्कचं पॅकिंग असेल तर आठ-पंधरा दिवसांनी बोल्टांवरून एकदा हलका हात फिरवायचा.

हे थांबणंच इथं सर्वांत अवघड आहे. जून ते सप्टेंबर पिकअपला दिवस आणि रात्र सारखीच असते. २०२३ च्या जुलैत नारायणगावात टोमॅटोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव गेला होता. त्या दिवसांत कोण गाडी एक रात्र उभी करील? बाजार पडलेला असतो तेव्हा क्रेटमागं सुटणाऱ्या पैशांत खर्च बसत नाही, म्हणून तेव्हाही गाडी उभी राहत नाही. उन्हाळ्यात जत्रा आणि बैलगाडा शर्यती सुरू होतात. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींची वाट कायमची मोकळी केल्यापासून बैलं घेऊन शर्यतीच्या या घाटावरून त्या घाटावर जाणाऱ्या पिकअप आणखी वाढल्या आहेत. त्यापेक्षा तमाशाच्या गाड्यांचं वेळापत्रक सुटसुटीत आहे. तमाशासम्राज्ञी विठाबाईंच्या या नारायणगावात जत्रांच्या मोसमात फडांच्या राहुट्या लागतात, सुपाऱ्या ठरतात, मुक्कामामागून मुक्काम करत ट्रक फिरतात. पण पावसाळ्यात फड बसतो आणि गाड्याही बसतात, तेव्हा त्यांची कामं निघतात. पिकअपला असा पावसाळा नाही. व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी पासिंगला जावं लागतं. तेव्हा खालून ओली गाडी दाखवता येत नाही, म्हणून इंजिन धुऊन, कडेला सिलिकॉन फासून नेलं जातं. वर्षा-दोन वर्षांतून एकदा चेंबरकडे पाहायची सक्ती होते, आणि तीही धुण्यावर भागते.

जे ऑईल निघतं त्याचं काय होतं, हा प्रश्न या दोन तालुक्यांत विशेष विचारायला हवा, कारण कुकडी, मीना, पुष्पावती, घोड या नद्यांवरची धरणं आणि त्यांचे कालवे हेच इथलं वैभव आहे. काळं ऑईल फुकट जात नाही हे खरं. सेंटरिंगच्या पत्र्यांना लावायला ते जातं, गोठ्याच्या लाकडांना वाळवी लागू नये म्हणून फासलं जातं. पण उरलेलं गॅरेजमागच्या ओढ्यात जातं, आणि ओढा नदीला मिळतो. २०१६ च्या नियमांनी वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात धरलं आहे. ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया कारखान्यालाच द्यायचं असतं. १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा होईल हे पाहण्याची जबाबदारी ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. कायदा झाला, आता आळेफाट्यावरच्या, मंचरच्या, ओतूरच्या छोट्या गॅरेजच्या दारात पिंप घेऊन जाणारी गाडी ठरलेल्या दिवशी आली पाहिजे. गॅरेजवाला वीस लिटर ऑईल घेऊन पुण्याला जाणार नाही, आणि त्यानं जावं अशी अपेक्षा करणंही चूक आहे. हे काम कंपन्यांचं आहे आणि ते त्यांच्याकडून करून घेणं शासनाचं आहे.

मेस्त्रींविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. याच पुणे-नाशिक रस्त्यावर खाली चाकण आहे. तिथं २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना उघडला, पाठोपाठ महिंद्रचा. जुन्नर-आंबेगावची कितीतरी पोरं तिथं पाळ्यांमध्ये काम करतात. कारखान्यात चेंबरवर सिलिकॉनची रेघ यंत्र ओढतं आणि बोल्ट ठरलेल्या जोराला यंत्रच थांबवतं. पंधरा वर्षांनी तीच गाडी, गंजलेली, ठोकलेली, तीन मालकांच्या हातून गेलेली, एका पत्र्याच्या शेडमध्ये येते, आणि तिथं तेच काम एक माणूस पाठीवर झोपून, चेहऱ्यावर थेंब झेलत, अंदाजाच्या मनगटानं करतो. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. ते शिकून आलेली मुलं चाकणकडे वळतात. शेडमध्ये उरतो तो उस्तादाच्या हाताखाली शिकलेला. टॉर्क पाना त्याच्याकडे असावा, इतकं साधं साहित्य घ्यायला तरी बाजार समित्यांनी, वाहतूकदारांच्या संघटनांनी त्याला हातभार लावायला हवा. तालुक्याचा सगळा नाशवंत माल त्याच्या मनगटावर चालतो.

त्याच्या मजुरीचा हिशेब आपण चुकीचा करतो हेही खरं. गिऱ्हाईक विचारतं, पॅकिंग केवढ्याचं? ते काही शे रुपयांचं निघालं की मजुरी डोळ्यांवर येते. घासाघीस होते, आणि मेस्त्री कापतो ते सफाईतून, कारण कापण्यासारखं तेवढंच असतं. पांढरं फडकं पांढरं निघेपर्यंत पुसण्याचा एक तास, कड सरळ करण्याचा अर्धा तास, जाळी धुण्याची वीस मिनिटं. तो वेळ आपण विकत घेतला नाही, म्हणून पुढच्या पावसात गाडी पुन्हा गळते आणि दोष मेस्त्रीला जातो.

हा अंक हाती येईल तोवर टोमॅटोचा मोठा हंगाम सरत आलेला असेल. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालून झाली असेल. दिवाळीचे चार दिवस बाजार थंड असतो आणि उसाची, कांद्याची धावपळ अजून अंगावर आलेली नसते. या दिवसांत आपल्या गाडीखाली एक पुठ्ठा रात्रभर पसरून ठेवा. सकाळी त्यावर डाग दिसला तर गाडी संध्याकाळी मेस्त्रीच्या ताब्यात द्या, चावी दुसऱ्या दिवशी दुपारनंतरच मागा, आणि सफाईचे म्हणून तो जे पैसे सांगेल ते घासाघीस न करता द्या.